ओवाळणीचा डबा

अक्का, तुझ्या तेराव्याच्या वरणात मीठ नव्हतं. दोनशे माणूस जेवून उठलं आणि एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. तू असतीस तर पहिल्याच पंगतीला आचाऱ्याला हाक मारली असतीस, "काय रे, मीठ काय तुझ्या सासऱ्यानं उचलून नेलं व्हय?" तू नव्हतीस म्हणून सगळ्यांनी मुकाट अळणी वरण गिळलं. मी तर दोनदा मागून घेतलं. मला वाटलं, हीच आपली शिक्षा. बघ, शिक्षासुद्धा मी स्वतःला ताटावर बसूनच देतो.

लोक पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "गुरुजी, रडा, मोकळं व्हा." रडू येतच नव्हतं. राग येत होता. अजून येतोय. पहिला तुझ्यावर येतोय, हे सांगूनच टाकतो. माझ्यावर किती येतोय ते सांगायला बसलो तर तू म्हणशील, "लावलं का पुन्हा स्वतःचंच पुराण?" म्हणून ते मागून.

मंडपाखाली एकच बोलणं चाललं होतं. नांदेडच्या डॉक्टरनं गोळी वाढवली आणि कौसाबाई गेली. तुझा विलास दुसऱ्या दिवशी जीप भरून पोरं घेऊन निघणार होता, दवाखाना फोडायला. जीप सांगून झाली होती. डॉक्टरनं तुला मारलं नव्हतं, अक्का. त्याच्यापासून काय लपवलं होतं ते पृथ्वीवर दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक तू होतीस.

तुझं काळीज मुळातच दुरुस्तीचं. लहानपणी तुझे सांधे सुजायचे, ताप यायचा. आई हळदीचा लेप लावायची आणि वाढीचं अंग आहे म्हणायची. त्या तापानं काळजातली झडप खाल्ली हे आपल्याला तीसेक वर्षांनी हैदराबादेत कळलं. विलास तेव्हा चौथीत होता. तुझी छाती उघडून धातूची झडप बसवली. परत आलीस तेव्हा खोली शांत असली की तुझ्या छातीतून टिक टिक ऐकू यायचं. दाजी म्हणाले, "आता घरात घड्याळ नको." तू म्हणालीस, "व्हय, अन् किल्ली माझ्याच हातात हाय."

किल्ली म्हणजे ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. धातूवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर घ्यायची. कमी पडली तर गाठ होणार, जास्त झाली तर रक्त वाहणार, मधली वाट गाडीच्या चाकोरीएवढी. महिन्याच्या महिन्याला नांदेडला जाऊन रक्त तपासायचं. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं: पालेभाजी खा, पण नेमानं, सारखीच. एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. पाल्यात असं काही असतं, ते गोळीच्या विरुद्ध ओढतं. आणि नवीन काही पोटात घालायचं झालं तर आधी मला विचारा.

हे तू इतकं पाळलंस की घरच्यांना वीट आला. एक वाटी ठरलेली, बुडाला पोचा असलेली. मेथी असो, चाकवत असो, त्या वाटीच्या वर कण नाही. भोगीला सगळा गाव भाजी ओरपत असायचा आणि तू वाटी पुढं धरून बसलेली. माझ्या बायकोनं एकदा आग्रहानं शेपू वाढला तर तिच्या अंगावर ओरडलीस, "शोभे, मारायचंच असंल तर विष घाल, शेपू कशाला वाया घालून राहिली?" बारा वर्षं तू त्या वाटीवर काढलीस. एवढी काटेकोर बाई माझ्या हातून मेली. राग येणार नाही तर काय येईल?

आता माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. नव्व्याण्णवच्या सुमारास माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग त्या घोट्यापर्यंत चढल्या. एक दिवस मी वर्गात शिरलो, फळ्यावर तारीख लिहिली, मागं वळलो तर पोरं फिदीफिदी हसून राहिली. माझ्या एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठं गळली, मला पत्ता नाही. मी मास्तर माणूस, चूक कबूल कशी करणार? पोरांना अंगठे धरून उभं केलं आणि मग त्यांच्यातल्याच एकाला चप्पल शोधायला पाठवलं.

कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. तू डोंगरकड्याहून एसटीनं कळमनुरीला आलीस आणि मला जवळजवळ कानाला धरून हिंगोलीला नेलंस. रक्त तपासलं. आपलं माळकरी घर, त्यात दूध-दही मला लहानपणापासून चालत नाही. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व अंगात औषधालासुद्धा उरलं नव्हतं. सुया झाल्या, मग गोळ्या. तीन महिन्यांत मी दोन्ही चपलांसकट शाळेत जायला लागलो.

परतीच्या एसटीत तू म्हणाली होतीस, "गोळी म्हंजे सगळं खोटं नसतं दत्त्या. ज्याचं जे कमी हाय, त्याला ती देव." तुला ठाऊकच होतं ते. विलासच्या वेळी तुझं रक्त फार कमी होतं. नर्सबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तू सासूपासून चोरून गुळाच्या खड्यात खुपसून खाल्ल्यास. सासूबाईंचं म्हणणं, त्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं. लेकरू गोरं झालं आणि नऊ महिने तूही उभी राहिलीस. नंतर तो उन्हातान्हात विहिरींवरच्या मोटारी काढून काढून काळा झाला, ते गोळ्यांच्या माथी मारता येत नाही.

"ज्याचं जे कमी हाय." तुझ्या वाक्यातलं हे पहिलं अर्धं मी ऐकलंच नाही. मला फक्त गोळी ऐकू आली. एका गोळीनं मला उभं केलं म्हणून तिची सगळी भावकी मी घरात घेतली. पावडरी, कॅप्सूल, रस, काय काय. एक जावई चांगला निघाला म्हणून माणूस त्या गावात डोळे झाकून सगळ्या मुली देत नाही. मी दिल्या.

सोनटक्के सर तेव्हा आमच्या शाळेत गणिताला होते. पाच-सहा वर्षांनी त्यांनीच मला नांदेडच्या एका मंगल कार्यालयात नेलं. तिथं ताकदीच्या पावडरीचे डबे विकणाऱ्या कंपनीची सभा होती. एकानं तिघांना जोडायचं, तिघांनी नऊ जणांना. मी लग्नातला कोट घालून गेलो होतो. त्याचं बटण लागत नव्हतं म्हणून वरून टाय सोडला होता. तशाच वेशात परत येताना डोंगरकड्याला उतरलो तर तू ओसरीतून ओरडलीस, "आगं बया, गळ्यात दावं! खुटा कुठं सोडून आला रे?" मला राग आला होता. खुटा खरंच होता, अक्का. मंगल कार्यालयात ठोकलेला होता.

व्यासपीठावरचा माणूस म्हणाला, "शेताला खत घालता, मग शरीराला का नाही? हे औषध नाही. हे अन्न आहे. अन्नाला साइड इफेक्ट नसतो." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ज्याच्या बहिणीला मेथीसुद्धा वाटीनं मापून खावी लागते, त्या शहाण्यानं, अन्नाला साइड इफेक्ट नसतो, हे लिहून घेतलं! पोरांच्या वहीत असलं काही दिसलं असतं तर मी लाल शाईनं फुली मारली असती.

डब्यात काय होतं? हिरवी पावडर. गव्हांकुर, शेवग्याचा पाला, कसलं तरी शेवाळ आणि आणखी एक इंग्रजी नाव. ते नाव मला अमेरिकेचं वाटलं होतं. तो लसूणघास होता हे मला तू गेल्यावर कळलं. दाजी बांधावर लावतात, बैलाला घालतात, तोच. टोपलीभर पाला वाळवून, दळून, एका चमच्यात मावेल असा करून त्यांनी डब्यात भरला होता आणि वर हिरवं पान छापलं होतं. ते पान खरं होतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आणि मी तो डबा भाऊबीजेला तुझ्या तबकात ठेवला.

दरवर्षी साडी असायची. त्या वर्षी मला वाटलं, बहिणीला कापड काय द्यायचं, आरोग्य देऊ. हे वाक्यसुद्धा सभेतलंच. तू ओवाळलंस, डब्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "हे काय रे? तान्ह्या लेकराचं दूध हाय का?" मी पाटावर बसल्या बसल्या भाषण दिलं. दाजी दारात उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "गुरुजी, तिची ती गोळी चालू हाय. डॉक्टरला इचारावं लागंल न्हाई का?" शेतकरी माणूस, सातवी शिकलेला, त्यानं बरोबर बोट ठेवलं होतं. आणि डी.एड. झालेल्या मी हसून सांगितलं, "दाजी, औषध असतं तर विचारलं असतं. हे अन्न आहे."

आपल्याकडं ओवाळणी परत करत नाहीत. दुसऱ्याला देत नाहीत. न वापरता फडताळात टाकतही नाहीत, भावाच्या आयुष्याला उणं येतं म्हणतात. तू तर या बाबतीत हट्टीच. एका वर्षी मी जांभळ्या काठांची पिवळीधमक साडी आणली होती. ती नेसून तू दुसऱ्याच दिवशी बाजार करून आलीस. दाजी म्हणाले, बैल बुजले. तरी तू ती फाटेस्तोवर नेसलीस. मग डबा कसा सुटणार? पहिला चमचा तू माझ्यासमोरच पाण्यात ढवळून प्यालीस, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "शेणकाल्याची चव हाय, पण भावाचा हाय." त्या दिवसापासून अंघोळ झाली की तुळशीला पाणी आणि तुला तो चमचा.

पालेभाजीच्या वाटीत तू तेव्हाही कण वाढवला नाहीस. तुझ्या लेखी वाटीतली मेथी ही मेथी होती. तबकातला डबा हा भाऊ होता. दोन्ही एकच पाला आहे हे तुझ्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? ते माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा टाय होता.

संक्रांतीला मी दुसरा डबा आणून दिला. आणि माघात ते घडलं, जे मला झोपेतसुद्धा सोडत नाही.

दाजींची हळद शिजत होती, कढई सोडून त्यांना हलता येत नव्हतं. म्हणून तुला नांदेडला मी घेऊन गेलो. रक्ताचा कागद बघून डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, रक्त घट्ट झालंय. मागच्या महिन्यातही घट्टच होतं. गोळी चुकते का?"

"एक दिस न्हाई साहेब."

"भाजी वाढली?"

"तीच वाटी हाय."

"मग नवीन काही? आयुर्वेदिक, पावडर, ताकदीची गोळी, कुणी काही आणून दिलं?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी डॉक्टरच्या टेबलावरचा काचेचा गोळा बघत होतो, आत पाण्यात मासे होते, खोटे. मी ते मासे मोजले, अक्का. चार होते.

तू म्हणालीस, "न्हाई साहेब. काहीच न्हाई."

डॉक्टरनं मान हलवली आणि गोळी वाढवून दिली. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पंधरा दिवसांनी पुन्हा या, असंही सांगितलं.

बाहेर आलो, रसवंतीवर बसलो. मी विचारलं, "सांगितलं काहून न्हाई?" एरवी शुद्ध बोलणारा मी, घाबरलो की गावाच्या बोलीत येतो. तू ग्लास पुसत म्हणालीस, "तुझं नाव काहून घेऊ तिथं? मास्तर माणूस तू. डॉक्टरनं चार लोकांत झापलं असतं. अन् भावाच्या ओवाळणीला कुणी औषधात मोजतं व्हय?" मग माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणालीस, "पी रस. आल्याचा हाय."

मी रस प्यालो. चवीनं प्यालो.

इथं मला तुझा राग येतो. कुणी सांगितलं होतं तुला माझी अब्रू झाकायला? माझी अब्रू केवढी? एका चपलेनं वर्गात जाणाऱ्या माणसाची! आचाऱ्याला, तलाठ्याला, शेपू वाढणाऱ्या शोभाला तू कधी सोडलं नाहीस. मलाच एकट्याला सोडलंस. लहानपणी मी दुसऱ्याच्या शेतातले हरभरे उपटले आणि मार तू खाल्लास, तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. बावन्नाव्या वर्षी तोच धंदा? हे प्रेम असेल तर मला नको होतं. मला एक चापट हवी होती, गुडघ्यावर नाही, तोंडावर. आणि तुझं सोड, माझं तोंड कुणी शिवलं होतं? तू बोलली नाहीस ती माझ्यासाठी. मी बोललो नाही तोही माझ्यासाठीच.

पंधरा दिवसांनी विलास तुला घेऊन गेला. रक्त बराबर निघालं. डॉक्टर खूश, तू खूश. कोणाला माहीत, एका बाजूनं गोळी ओढत होती आणि दुसऱ्या बाजूनं माझा डबा, म्हणून काटा मधे थांबला होता?

मग मी कंपनी सोडली. पश्चात्तापानं सोडली असती तर लिहायला बरं वाटलं असतं. सोनटक्के सरांना वरची पायरी मिळाली, मला मिळाली नाही, म्हणून रुसून सोडली. फाल्गुनात तुझा फोन आला, शेजारच्या दुकानातून. "दत्त्या, डबा सरला रे. दुसरा कवा आणतो?" मी म्हणालो, "बंद केलं मी ते. त्यापेक्षा शेंगदाण्याचे लाडू खा." तू हसलीस. मीही हसलो. मी पाठ करून भाषणं द्यायचो, पण हे एक वाक्य मला सुचलं नाही: अक्का, पावडर बंद झाली, डॉक्टरला सांग, गोळी कमी करून घे.

एका बाजूचा बैल मी सोडून दिला. गाडी दुसऱ्या बाजूला गेली.

पुढची तपासणी पाडव्यानंतर होती. पाडव्याच्या आधीच तुझं डोकं दुखायला लागलं. उन्हाचं म्हणून तू कांदा लावलास. हिरड्यांतून रक्त येत होतं तेही तू कुणाला सांगितलं नाहीस, राखुंडी खरखरीत आहे म्हणालीस. तिसऱ्या दिवशी अंगणात पडलीस. डोक्यात रक्तस्राव. नांदेडला दोन दिवस. तू डोळे उघडले नाहीस, आणि बाकावर बसल्या बसल्या मला सगळं एकदम कळलं, जसं उत्तर चुकल्यावर गणित कळतं.

म्हणून तेराव्याला, पंगती उठल्यावर, मंडपात विलास गोळ्यांच्या चिठ्ठ्या दाखवत होता तेव्हा मी उठून उभा राहिलो. तो म्हणत होता, "कागद हाय माझ्यापाशी. आधी येक गोळी, मंग दीड. मायला माझ्या गोळ्या वाढवून मारलं त्यानं. उद्या येक काच ठेवत न्हाई."

मी म्हणालो, "विलास, डॉक्टरची चूक नाही. गोळी वाढली ती माझ्या डब्यामुळं." आणि सगळं सांगितलं. मासे सोडून सगळं.

तुला सांगतो, मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. तसं काही झालं नाही. दाजी म्हणाले, "गुरुजी, बसा खाली. दुःखात माणूस काहीबी बोलतो." तुझी धाकटी जाऊ म्हणाली, "आगं बाई, भावाच्या ओवाळणीनं कुठं बाई मरते व्हय?" कुणीतरी मला पाणी आणून दिलं. एकानं पंखा माझ्याकडं वळवला. मी खून कबूल करत होतो आणि लोक मला वारा घालत होते! असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. एवढं खोटं मी पचवलं, आणि एक खरं बोललो तर ते कुणाच्या गळ्याखाली उतरेना.

एकटा विलास माझ्याकडं बघत राहिला. मग आत गेला. तू डबे धुऊन ठेवले होतेस, एकात मोहरी भरली होतीस. त्यानं मोहरी ताटात ओतली आणि डबा आणून माझ्यापुढं धरला.

"मामा, हेच?"

"हेच."

"डॉक्टरनं इचारलं तवा तुमी तिथंच होता?"

"बाजूच्या खुर्चीत."

त्यानं डबा काखेत मारला. मग दाजींकडं न बघता म्हणाला, "उद्या जीप जाणारच. तुमी पुढच्या सीटवर बसायचं. हे सगळं तिथं बोलायचं. बोलला न्हाईत, तर काच तुमच्या घरची फुटंल."

गेलो. पोरं निम्मीच आली. ज्यांना काच फोडायची होती त्यांना कबुलीत रस नव्हता. डॉक्टरनं आम्हाला आत घेतलं, पण दार उघडं ठेवलं आणि कंपाउंडरला दारातच उभं केलं. आम्ही मारायलाच आलोय, असं त्याला वाटलं असणार. मी बोललो. मधेच थांबलो की विलास म्हणायचा, "पुढं." डबा टेबलावर होता.

डॉक्टरनं डब्यावरचं सगळं बारीक छापलेलं वाचलं. मग मला म्हणाला, "मी विचारलं होतं. तुम्ही सोबत होतात. शिक्षक ना तुम्ही?"

"हो."

"त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर मी गोळी वाढवली नसती. पावडर सोडवली असती, नाहीतर तिच्या हिशोबानं गोळी बसवली असती." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, मरणाच्या आधी बाकावरून उठून सांगितलं असतं तर? तो म्हणाला, "तेव्हा उपयोग नव्हता." मला माफ करायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि खोटी शिक्षाही त्यानं दिली नाही. त्याचे उपकार आहेत.

मग तो म्हणाला, "आणखी कुणाला दिलंय हे?"

"सतरा घरांना."

"त्यांच्यात रक्त पातळ करायची गोळी कुणाला आहे? साखरेची, बीपीची, किडनीची?"

अक्का, मला माहीत नव्हतं. सतरा घरांत मी बसलो, चहा प्यालो, त्यांच्या मुलांची शिक्षणं, घराची स्वप्नं वहीत लिहून घेतली, कंपनीनं तसं शिकवलं होतं. कुठली गोळी घेता, हे एकालाही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाला, "जाऊन लगेच सगळ्यांना बंद करा म्हणू नका. बंद करूनही माणूस जातो, बघितलं तुम्ही. आधी कोण काय घेतं ते लिहून आणा, मग एकेकाचं ठरवू. कुणाला खरंच काही कमी असेल तर तपासून मीच गोळी देईन. माझं गोळीशी वैर नाही." मग विलासकडं वळून म्हणाला, "तुमच्या आईचं वाईट झालं." विलासनं मान खाली घातली. पोरं जीपकडं गेली.

कळमनुरीत माझ्या गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, मी उतरायला लागलो. विलास मागून म्हणाला, "उतरू नका."

"का रे?"

"सतरा घरं हायत ना? जीप दिवसभराची सांगितली मी. चला." आणि मी मागं वळून बघितल्यावर, "मामा, तुमच्याशी बोलणं न्हाई माझं. न्हाईच हाय. पण घरं तुमालाच ठाऊक हायत."

पहिलं घर आमच्या जुन्या हेडसरांचं. त्यांनी दारातूनच हाक मारली, "या गुरुजी! फार दिवसांनी. डबा आणला का? गुडघे फार बोलून राहिले." मी म्हणालो, "डबा नाही सर. तुमच्या चालू गोळ्या बघायच्यात." सर म्हणाले, "गोळ्या? त्या कशाला? तुम्हीच तर म्हणाला होता, हे सुरू केलं की त्या सुटतील." आणि मग जरा ओशाळून, "तीन सोडल्यात मी. बऱ्याच दिवसांच्या."

मी हे कधी म्हणालो होतो ते मला आठवत नव्हतं. पण माझंच वाक्य होतं ते, माझ्याच आवाजातलं.

सरांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. विलासनं ती खाटेवर उलटी केली आणि एकेक पाकीट उजेडाकडं धरून नाव वाचायला लागला. मोटार जोडताना करतो तसं, तोंडातल्या तोंडात, अक्षर लावून. मी वहीत लिहून घेत होतो. तो वाचायचा, मी लिहायचो, तो थांबायचा, मी नाव परत म्हणून दाखवायचो. तेवढंच आमचं बोलणं. सरांना जीपमध्ये घालून आम्ही पुन्हा नांदेडला निघालो तेव्हा उन्हं कलली होती.

काल सहावं घर झालं. दोघं साखरेची गोळी सोडून बसलेत, एका बाईला मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि तिला मी दुधातून घ्या म्हणून सांगितलं होतं. एकाला काहीच आजार नाही, तो डबा बैलालाही देतो. विलास आज सकाळी दारात येऊन उभा राहिला, चहा घेतला नाही, आत आला नाही. शोभा म्हणाली, आत तर ये रे. तो माझ्या हातातल्या वहीकडं बघून म्हणाला, "जवळा बाजारची तीन घरं आज."

अक्का, अकरा राहिलीत. निघतो.